साबणाची वडी

ग्रीसमधल्या कॉर्फूच्या जुन्या शहराला लागून सान रोको नावाचा चौक आहे. गावातले लोक त्याला सारोको म्हणतात. शहरातल्या बस इथूनच सुटतात, त्यामुळे पिशव्या घेतलेल्या बायका, शाळेची पोरं, हॉर्न, सगळं आपल्या एसटी स्टँडाबाहेर असतं तसंच. त्या गर्दीतून दोन मिनिटं चाललं की एक दार लागतं, सहज नजरेतून सुटेल असं. आत पाऊल टाकलं आणि ताईने माझं मनगट घट्ट धरलं.

"अगं, अण्णा," एवढंच म्हणाली.

अण्णा म्हणजे ताईचे वडील, माझ्या आत्तेचे यजमान. त्यांना जाऊन एकवीस वर्षं झाली. कुडाळजवळ घराच्या मागच्या अंगाला त्यांची साबणाची शेड होती. वर कौलं, खाली शेणाने सारवलेली जमीन, मधोमध एक मोठी लोखंडी कढई. मे महिन्यात आम्ही भावंडं आत्तेकडे राहायला जायचो, तेव्हा त्या शेडमध्ये जायची आम्हाला सक्त मनाई होती. कॉस्टिकचं पाणी अंगावर उडालं तर कातडी सोलून निघते, हे आत्तेने इतक्यांदा सांगितलं होतं की आम्ही दारातूनच वाकून बघायचो. पण वासाला कोण अडवणार? उकळतं तेल, ओलं लाकूड, चुना लावलेल्या भिंतीसारखं काहीतरी, आणि त्या सगळ्याच्या तळाशी करंजाचा कडू दर्प. अण्णांच्या सदऱ्यांना तो वास असायचा, पाटीपेन्सिलीने हिशेब मांडलेल्या त्यांच्या पाटीलासुद्धा.

आणि तोच वास ऑक्टोबरातल्या एका दुपारी, ग्रीसच्या एका बेटावर, आम्हा दोघींच्या अंगावर आला. ताई आता बासष्टची, शाळेतून निवृत्त झालेली. तिचा मुलगा जर्मनीत असतो. त्याने हौसेने आम्हा दोघींना आठवडाभरासाठी इथे पाठवलं होतं. साबणाचा कारखाना आमच्या यादीत नव्हताच. आदल्या दिवशी एका दुकानात हिरव्या साबणाचा ठोकळा दिसला, ताईने तो हातात घेऊन नाकाशी धरला, आणि कुठे तयार होतो म्हणून विचारलं, म्हणून आम्ही इथे पोचलो.

हा पाटूनिस घराण्याचा कारखाना. १८५० मध्ये झाकिन्थोस बेटावर सुरू झाला, १८९१ पासून कॉर्फूत आहे, आणि आजही त्याच घराण्याकडे आहे. पाचवी पिढी. २००८ मध्ये ग्रीक सरकारने त्याला औद्योगिक वारसा म्हणून संरक्षण दिलं. वारसा म्हटलं की दोरी बांधून पलीकडे ठेवलेल्या वस्तू डोळ्यांपुढे येतात. इथे तसं काही नाही. कढईत साबण शिजत असतो, जमिनीवर साबण थिजत असतो, मांडण्यांवर साबण सुकत असतो, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना सगळं समजावून सांगितलं जातं.

आम्ही लक्ष देऊन ऐकत होतो. पण खरं सांगायचं तर मी निम्मा वेळ ताईच्या तोंडाकडे बघत होते.

कॉर्फूत साबण का, याचं उत्तर त्या बेटाच्या झाडांत आहे. १३८६ ते १७९७, अशी चारशेहून जास्त वर्षं इथे वेनिसचं राज्य होतं. वेनिसला तेल हवं होतं, म्हणून ऑलिव्हची झाडं लावणाऱ्याला रोख बक्षीस मिळायचं. बेट ऑलिव्हने भरून गेलं. पण ही झाडं आपण चित्रांत बघतो तशी छाटलेली, बुटकी नाहीत. विमानतळावरून येताना पहिल्यांदा दिसली तेव्हा मला ती ऑलिव्ह वाटलीच नाहीत. उंच, आडवीतिडवी वाढलेली, खोडांना भोकं पडलेली, आपल्याकडच्या जुन्या रायवळ आंब्यांसारखी. इतक्या उंचावरची बारीक फळं हाताने कोण तोडणार? म्हणून झाडांखाली काळी जाळी पसरून ठेवायची आणि फळ आपणहून गळायची वाट बघायची. गळलेलं फळ जाळीत पडून राहतं, मार खातं, आंबायला लागतं. त्याच्या तेलात आम्ल वाढतं आणि ते जेवणात घ्यायच्या लायकीचं राहत नाही. आता तिथले काही शेतकरी फळ वेळेवर काढून चांगलं खायचं तेल करू लागले आहेत. जुन्या काळी मात्र इथलं बरंचसं तेल दोनच कामांना जायचं, दिव्यात आणि साबणात.

हे ऐकलं आणि ताई माझ्याकडे वळली. "कडू तेल," ती म्हणाली.

आमच्या कोकणात किनाऱ्यालगत उंडीची झाडं असतात. गोल फळं, टणक कवचाची. त्यांच्या बियांचं तेल म्हणजे कडू तेल. ते खात नाहीत. पूर्वी दिव्यात घालायचे, होडीच्या लाकडाला लावायचे, दुखऱ्या सांध्यांना चोळायचे. करंजाचंही तसंच, तेही खायचं तेल नव्हे. अण्णांचा साबण या दोन तेलांचा होता, फेसासाठी थोडं खोबरेल घातलेला. त्यांना त्या कामाला लावलं ते खादी आणि ग्रामोद्योगाच्या मंडळींनी. १९५० च्या दशकात खादी-ग्रामोद्योग आयोग उभा राहिला, तेव्हा ज्या गावउद्योगांना हात द्यायचा ठरलं त्यात 'अखाद्य तेल आणि साबण' हा एक उद्योग होता. त्यामागचा विचार सरळ होता. देशात खायच्या तेलाची टंचाई, ते साबणात का घालायचं? रानात निंब, करंज, मोह, उंडी यांच्या बिया पडून कुजतात. त्या गोळा करणाऱ्याला चार पैसे मिळतील, घाण्याला काम मिळेल, गावात साबण होईल. अण्णा हे असं बोलायचे नाहीत. ते म्हणायचे, "जा तोंडात जाता नाय, ता आंगाक लागता." मालवणीतलं हे वाक्य मी लहानपणी शंभरदा ऐकलं असेल. कॉर्फूत उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा कळलं की भूमध्य समुद्रातल्या एका बेटाची कित्येक वर्षांची गोष्ट या एका वाक्यात मावते.

हिरवा साबण तर त्याच्याही पुढचा. ऑलिव्ह दाबून तेल काढलं की मागे पेंड उरते, बियांचे तुकडे आणि सालं. त्या पेंडीतूनही उरलंसुरलं तेल काढतात, ते गडद हिरवं असतं. कपडे धुवायचा हिरवा साबण होतो तो या पेंडीच्या तेलाचा. अंगाला लावायचा फिकट साबण चांगल्या तेलाचा. पूर्वी घरोघर कपड्यांना हिरवाच.

आता शिजवण्याबद्दल, कारण माझं खरं मन तिथे अडकलं.

तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी घालून उकळायचं. सोडा तेलाला फोडतो, त्यातून साबण बनतो आणि ग्लिसरीन सुटं होतं. पुस्तकात हे एका ओळीत संपतं. कढईत त्याला आठवड्याभराच्या आसपास लागतो. मधल्या काळात त्यात मिठाचं पाणी घालतात. मी विचारलं, मीठ कशाला? साबण गोड्या पाण्यात विरघळतो, खाऱ्या पाण्यात विरघळत नाही. म्हणून मीठ पडलं की साबण दूध फाटल्यासारखा फाटतो, दाणेदार होऊन वर येतो, आणि खाली राहतं ते खारट पाणी. जास्तीचा सोडा, ग्लिसरीन, मळ, सगळं त्या पाण्यात उतरतं. ते खालून सोडून द्यायचं. पुन्हा मिठाचं पाणी, पुन्हा उकळ, पुन्हा सोडणं. असं करत करत साबणातला तिखटपणा निघून जातो.

समुद्रात आंघोळ केल्यावर साबणाला फेस का येत नाही, हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळलं. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर आत्ते आम्हाला ओरडायची, "आधी गोड्या पाण्यान धुवा, मगे साबू!" तिला मिठाचं हे काम ठाऊक होतं. अण्णांच्या शेडीत मीठ घालायची वेळ आली की घरातलं खडेमीठ तीच मोजून द्यायची. आम्हाला कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

मग साबण जमिनीवर येतो. लाकडी चौकटी घातलेल्या असतात, त्यात तो गरम, जाड, पिठल्यासारखा ओततात. एक-दोन दिवसांत तो इतका थिजतो की वर भार पेलतो, तरी आतून मऊ असतो. त्यावर रेघा आखतात. मग एक माणूस हातात लाकडी शिक्का आणि हातोडी घेऊन ओणवा होतो आणि प्रत्येक चौकोनावर शिक्का मारत मागे मागे सरकतो. ठक, सरक, ठक, सरक. आम्ही बघत होतो तोवर त्याने तीन ओळी संपवल्या, आणि एकही शिक्का तिरका पडला नाही. मी खाली वाकून पाहिलं. शिक्क्याच्या कडेला साबण किंचित फुगून वर आला होता, पुरणपोळीच्या कडेला पुरण दिसावं तसा. अक्षरांच्या खाचेत अजून ओल होती, आणि उजेड तिरका पडला की ती चमकत होती.

शेवटी पातं ओढून रेघांवरून कापतात.

इथे ताई बोलली. सगळा वेळ ती गप्प होती. त्या कापलेल्या ओळींकडे बोट दाखवून म्हणाली, "वडी." मग परत, "अगं, म्हणून वडी!"

मला आधी कळलंच नाही. मग लख्ख कळलं. नारळाची वडी, बेसनाची वडी, साबणाची वडी. जी आटवायची, थापायची किंवा ओतायची, निवली की सुरीने रेघा मारून कापायची, ती वडी. आज कारखान्यात साबण यंत्रातून दट्ट्याने ढकलून दांडासारखा बाहेर काढतात, तुकडे करतात, साच्यात दाबून त्याला अंडाकार, कमरेत बारीक असले आकार देतात. त्याला वडी म्हणावं असं त्यात काहीच उरलेलं नाही. पण आपण म्हणतो. अण्णांच्या शेडीतलं ओतणं-कापणं आपल्या तोंडात राहिलं आहे, शेड गेली तरी.

साबण हा शब्दही असाच फिरस्ता. तिथे फळीवर ग्रीक लिपीत लिहिलं होतं, ते मी वाचून घेतलं तर निघालं 'सापूनी'. अरबीत साबून, पोर्तुगीजमध्ये साबाऊं, मुळात लॅटिन सापो. इतकी भाषांतरं करून, खुणा करून आम्ही त्या बेटावर आठवडा काढला होता, आणि हा एक शब्द कुणाला समजवावा लागला नसता. आमच्या आत्तेचा 'साबू' तर सापूनीच्या आणखीच जवळचा.

भूमध्य समुद्राच्या भोवती हे असे साबण का रुजले याला कारण आहे. एका बाजूला ऑलिव्हचं तेल. दुसऱ्या बाजूला खाऱ्या किनाऱ्यावर वाढणारी झुडपं. ती जाळून जी राख होते तिच्यात सोडा असतो, आणि सोड्याने साबण घट्ट होतो. उत्तरेकडच्या लाकडाच्या राखेत पोटॅश, त्याने साबण मलमासारखा मऊच राहतो. म्हणून घट्ट ठोकळ्याचा साबण म्हटलं की नावं येतात ती सीरियातलं अलेप्पो, पॅलेस्टाईनमधलं नाब्लुस, फ्रान्समधलं मार्से. मार्सेच्या साबणासाठी तर १६८८ मध्ये चौदाव्या लुईच्या सरकारने हुकूम काढला होता, ऑलिव्हशिवाय दुसरं तेल घालायचं नाही म्हणून. नाब्लुस आणि अलेप्पो या दोन्ही ठिकाणच्या साबणकामाची युनेस्कोने डिसेंबर २०२४ मध्ये नोंद केली. ज्या गावांवर इतके घाव बसले तिथे माणसं अजून कढई चढवतात, जमिनीवर साबण ओततात, वड्यांचे गोल मनोरे रचून वारा खेळू देतात. मला यात फार मोठी हिंमत दिसते. कढई एकदा विझली की ती परत पेटवणं किती कठीण असतं, ते मी आमच्या घरात पाहिलं आहे.

अण्णांची कढई विझली तेव्हा मी दहावीत होते. एकाएकी विझली नाही. आधी पिवळी पावडर आली. बाजारात स्वस्त, पाण्यात टाकली की फेसच फेस, घासायला नको. अण्णांच्या वडीला फेस कमी आणि वासही कडवट. गिऱ्हाईक तुटत गेलं. मग एका व्यापाऱ्याने दोन वर्षांचा माल उचलला आणि पैसे बुडवले. त्यानंतर घाणेवाल्याने उधारी बंद केली. अण्णा कुणाला काही बोलले नाहीत. एका शिमग्यात गावी गेलो तर शेडीत गाईचा गवताचा भारा रचलेला, आणि कढई पालथी घालून त्यावर कोंबड्यांचं टोपलं. ताईला त्याच वर्षी डी.एड.ला प्रवेश मिळाला होता. सगळे म्हणाले, बरं झालं, पोरगी त्या कॉस्टिकमधून सुटली. मीही म्हटलं.

ताई त्या शेडीत काम करायची, हे मला कॉर्फूत कळलं. इतकी वर्षं मी समजत होते की तिलाही आमच्यासारखीच मनाई होती. मनाई आम्हाला होती, पाहुण्यांच्या पोरांना. ताई दहाव्या वर्षापासून वड्या कापायची. अण्णांकडे पातं नव्हतं, तार होती, दोन टोकांना लाकडाच्या मुठी बांधलेली. एक मूठ अण्णांच्या हातात, दुसरी ताईच्या. दोघांनी एका वेळी ओढायची, एकाने जरी घाई केली तर वडी तिरकी. हे तिने मला सांगितलं ते त्या कारखान्यातल्या एका बाकावर बसून, हातांनी तार ओढल्याचा अभिनय करत. तिच्या दोन्ही हातांच्या पहिल्या बोटावर एक बारीक पांढरी रेघ आहे. मी ती कायम पाहत आले आहे. ती तारेची.

"कधी बोलली नाहीस," मी म्हटलं.

"शाळेत बाई म्हणून गेल्यावर काय सांगू, साबू कापायचे म्हणून?" ती म्हणाली. "आणि अण्णांनाही वाटायचं, पोरीचं लग्न ठरेपर्यंत कुणाला कळू नये. हात बघायचे ना लोक."

आम्ही तिथून हिरव्या आठ वड्या घेतल्या. ताईने निवडून घेतल्या, एकेक हातात तोलून, नखाने कडेला टोचून. वाळायला काही महिने ठेवलेल्या वड्या, तरी ती टोचून बघत होती. विकणाऱ्या बाईंनी हसून पाहिलं आणि खोक्यातल्या आणखी चार पुढे केल्या.

परत येताना मोठ्या मैदानावरून आलो. तिथे मुलं क्रिकेट खेळत होती. इंग्रजांनी १८१५ ते १८६४ या काळात इथे राज्य केलं, त्यांनी ठेवून दिलेलं क्रिकेट. एरवी मी अर्धा तास उभी राहिले असते. त्या दिवशी दोघीही थांबलो नाही.

हॉटेलवर आल्यावर ताईने एक वडी कागदातून काढली. बाहेरून ती मातकट हिरवी दिसत होती. माझ्याकडे फळं कापायची छोटी सुरी होती, ती मागून घेतली. "अर्धी तुला, अर्धी मला," म्हणाली. साबण कठीण होता, सुरीवर दोन्ही हातांनी जोर द्यावा लागला. मी पलीकडून सुरीचं टोक धरलं. कट्कन तुकडे झाले. आतला रंग बाहेरच्यापेक्षा गडद हिरवा, ओल्या शेवाळासारखा, आणि तो वास पुन्हा एकदा सगळ्या खोलीत पसरला.

अण्णांची एक सवय होती. ती मला दारातूनही दिसायची. कढईतला साबण झाला का ते बघायला ते पळीने थोडा काढायचे, निवू द्यायचे, बोटाने चिमटून त्याची सालपट करायचे आणि जिभेच्या टोकाला लावायचे. जिभेला झिणझिणलं, चावलं, की सोडा अजून मोकळा आहे. नाही चावलं की झाला. मार्सेच्या जुन्या साबणकारांचीही हीच परीक्षा. आम्ही पोरं ते बघून शी शी करायचो.

ताईने कापलेल्या वडीचा कोपरा जिभेला लावला. डोळे मिटले. जरा वेळ तशीच बसली, ओठ किंचित उघडे ठेवून, अण्णा बसायचे तशी.

"चावतो?" मी विचारलं.

"नाय गो," ती म्हणाली. कुडाळ सोडल्यापासून माझ्याशी कधी न बोललेल्या मालवणीत. मग सुरी पुसून ठेवली, आणि दुसरा तुकडा माझ्यापुढे केला.